जालना भागात माड, खजूर की शिंदी?

दरवर्षी सुट्टीच्या दिवसांत आपल्या भागातील पुष्कळ मंडळी कोकणात जाऊन येतात. गणपतीपुळे, श्रीवर्धन, दिवेआगर ही स्थळे पाहावयाची, समुद्रस्नान करावयाचे आणि परतताना गाडीत माडाची दोन-चार रोपे घालून आणावयाची, हा आता यात्रेचा एक विधीच होऊन बसला आहे. ती रोपे घरी आल्यावर मोठ्या हौसेने लाविली जातात, पहिल्या पावसाळ्यात चांगली तरारतात आणि तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात त्यांची आठवणसुद्धा उरत नाही. प्रस्तुत लेखकही या हौशी मंडळींपैकीच एक होय. फरक एवढाच की, आम्ही दोन-चार नव्हे तर चाळीस रोपे आणिली.

हकीकत अशी. सन २००९ साली, महसूल खात्यात कारकुनी करीत असता, बदनापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित रानात विहिरीपासून ओढ्यापर्यंतच्या बांधावर आम्ही माडाची ४० रोपे लाविली. एका रोपवाटिकेच्या मालकाने "ही जात कोठेही येते" असे छातीठोकपणे सांगितले होते व आम्ही तें खरे मानिले. आज त्या ४० पैकी ७ माड उभे आहेत. ते सातही विहिरीच्या व घराच्या आसऱ्याला, सांडपाण्याच्या पाटावर आहेत. उरलेले ३३ सन २०१२-१३ च्या दुष्काळात गेले. त्याच बांधाच्या टोकाला ओढ्यात शिंदीची काही झाडे आहेत. ती कोणी लाविली नाहीत, त्यांस कोणी पाणी घातले नाही, त्यांची कोठे नोंदही नाही. ती मात्र सर्वच्या सर्व उभी आहेत.

त्या दुष्काळाच्या वर्षी वाळलेल्या मोसंबीच्या बागांचे पंचनामे लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. गट क्रमांक, क्षेत्र, झाडांची संख्या, झाडांचे वय असे रकाने भरता भरता हात थकून जाई. जालन्याची मोसंबी देशभर नावाजलेली. पण विहिरी आटल्यावर नावलौकिक झाडास पाणी पाजीत नाही. आमच्या थोरल्या बंधूंची दोन एकरांची बागही त्याच यादीत होती. त्यांचा मुलगा गेल्या वर्षी आमच्याकडे आला व म्हणाला, "काका, त्या दोन एकरांत खजूर लावावा म्हणतो. बँकेचे कर्ज मिळते आहे. वाळवंटात येणारे झाड आपल्याकडे काय मरणार? तुम्ही फक्त हो म्हणा."

त्यास तत्काळ "हो" म्हणणे आमच्याने झाले नाही व "नको" म्हणण्याइतकी माहितीही तेव्हा नव्हती. पुढील वर्षभरात जें पाहिले, विचारले व वाचले, त्याचा सारांश शेतकरी बंधूंपुढे ठेवितो. कारण हाच प्रश्न आज अनेक घरांत चालू आहे.

एक शेंडा, एक जीव

ताड, माड, शिंदी, खजूर, सुपारी ही सर्व एकाच कुळातील झाडे. या कुळाचा एक धर्म असा आहे की, तो समजल्याखेरीज निवड करणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय. आंबा, लिंब, बाभूळ या झाडांची फांदी मोडली तर दुसरी फुटते. बुंधा तोडला तरी खालून धुमारे येतात. ताडवर्गीय झाडास वाढीचा कोंब एकच, तोही अगदी शेंड्याच्या गाभ्यात. तो कुजला, किड्याने खाल्ला, थंडीने किंवा तहानेने मेला, की सारे झाड संपले. खजूर लहानपणी बुंध्याशी पिल्ले देतो, एवढाच काय तो अपवाद. शिवाय या झाडांचे खोड आंब्याच्या खोडाप्रमाणे वर्षानुवर्षे जाड होत नाही व त्याची जखम भरून येत नाही. माडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा झाड जिवंत असेपर्यंत तशाच राहतात, हें कोकणात कोणासही दाखविता येईल.

यावरून निष्कर्ष असा की, इतर फळझाडांच्या बाबतीत निवडीची चूक छाटणी करून, खुंटावर डोळा भरून थोडीबहुत सुधारता येते. येथे ती सोय नाही. झाड वर्षातील ५१ आठवडे आनंदात असेल. पण उरलेला एक आठवडा त्यास सोसवला नाही तर ५१ आठवड्यांचा उपयोग शून्य. म्हणून या झाडांची निवड चांगल्या दिवसांवरून न करिता वर्षातील सर्वांत वाईट आठवड्यावरून करावी. आमच्या लेखाचे सार एवढेच आहे. बाकीचा विस्तार हा त्याचा हिशेब होय.

ओली थंडी व कोरडी थंडी

वाईट आठवडा प्रत्येक मुलखाचा निराळा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर कॉर्नवॉल व डेव्हन या भागांत समुद्राच्या उबेमुळे थंडी बेताची. पण हिवाळाभर पावसाची रिपरिप. तेथील बागवान मंडळींसही ताडवर्गीय झाडांची हौस मोठी. त्यांचा वाईट आठवडा म्हणजे शेंड्यात पाणी साचलेले असता पडणारे दहिवर. त्या थंड पाण्याने कोंब कुजतो. यास्तव ते चीन देशातील पंख्याच्या पानांचा, खोडावर काथ्यासारखे तंतू असलेला एक ताड लावितात. रॉबर्ट फॉर्च्यून नावाच्या वनस्पती जमविणाऱ्या गृहस्थाने सन १८४९ मध्ये तो इंग्लंडास पाठविला. त्याच घराण्यातील एक ताड आपल्या कुमाऊं भागात, बर्फ पडणाऱ्या डोंगरांवर आपोआप वाढतो. हे झाड बर्फ सोसते. परंतु आपल्याकडील वैशाखातील झळा त्यास मानवत नाहीत. उलट, वाळवंटातील खजूर कोरड्या थंडीत तग धरितो, तोच त्या ओल्या किनाऱ्यावर कुजू लागतो. म्हणजे "हे झाड थंडी सोसते" एवढेच ऐकून भागत नाही. ओली थंडी की कोरडी, हें विचारावे लागते.

आता आपला मुलूख पाहू. रत्नागिरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हवेत बारा महिने ओल असते आणि हिवाळ्यातही रात्री उबदार असतात. आपल्या जालना जिल्ह्यात पाऊस सरासरीने ६५० ते ७०० मिलिमीटरांच्या आसपास, तोही चार महिन्यांत व लहरीने. समुद्रसपाटीपासून आपण सुमारे ५०० मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली म्हणजे पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या वर चढतो. आपली थंडी कोरडी व थोड्या रात्रींची आहे. आपला खरा वाईट आठवडा वैशाखात येतो. विहिरीस तळ दिसतो, पश्चिमेकडून तापलेला वारा सुटतो आणि काळी जमीन हातभर भेगाळून झाडांची तंतुमुळे तोडिते. हें ध्यानी ठेवून एकेक झाड तपासू.

माड

माडास सुमारे २७ अंशांची सम हवा, बारमाही ओल व निचऱ्याची जमीन लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळाचे संशोधन केंद्र आहे. तेथील शिफारशी चोख आहेत. मात्र त्या किनाऱ्यासाठी आहेत, हें आपण विसरतो. बाणवली ही किनाऱ्याची उंच जात सात-आठ वर्षांनी फळते व पुढे ऐंशी वर्षे जगते. ठेंगणी जात तीन-चार वर्षांत फळते. पण पाण्याच्या ताणास ती फार नाजूक. "लवकर नारळ लागतात" म्हणून आपल्याकडे ठेंगणीच अधिक खपते, ही पहिली चूक. आम्हांस मिळालेली ४० रोपे तीच होती.

पाण्याचा हिशेब असा. २५ फुटांवर लागवड केली तर एकरी ७० माड बसतात. मोठ्या माडास उन्हाळ्यात ठिबकने निदान ५०-६० लिटर पाणी रोज द्यावे लागते. म्हणजे एकरी रोजचे चार हजार लिटर, तेंही नेमके विहीर आटण्याच्या दिवसांत.

दुसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. माडाची पोय बाहेर दिसण्यापूर्वी सुमारे अडीच वर्षे आधीच ती कोंबाच्या गाभ्यात घडू लागते. त्यामुळे एका वर्षीच्या ताणाचे नुकसान पुढील दोन-तीन वर्षांच्या फळात दिसते. आमच्या सात माडांनी सन २०१४ मध्ये पाऊस चांगला नसतानाही पाणी मिळाल्यावर नव्या झावळ्या काढिल्या. आम्ही हर्षित झालो. परंतु नारळ धरावयास आणखी दोन वर्षे गेली. "झाड हिरवे आहे, फळ का नाही?" या प्रश्नाचे उत्तर मागील उन्हाळ्यांत असते. कडक थंडीतही लहान बोंडे गळतात, ती निराळीच.

सबब माड हे आपल्याकडे बागेचे पीक नव्हे, घराचे झाड आहे. न्हाणीचे सांडपाणी, विहिरीचा पाट, भिंतीचा आडोसा ही तीन जेथे एकत्र आहेत तेथे दोन-चार माड जरूर लावावेत. सुपारीचे तर नावच काढू नये. श्रीवर्धनची रोठा सुपारी माडांच्या सावलीत, दमट हवेत वाढते; आपल्या वाऱ्यात तिची पाने करपतात.

खजूर

खजुराबद्दल वाळवंटी मुलखांत असे समजतात की, त्याचे पाय पाण्यात व डोके आगीत हवे. आपल्याकडे पहिला अर्धा भाग विसरला जातो. खजूर ताण सोसून जिवंत राहतो. फळावयाचे तर त्यास भरपूर पाणी लागते. तथापि आपली कोरडी थंडी तो सहज सोसतो, वैशाखाचे ऊन त्यास आवडते, किंचित खारट पाणीही चालते. येथवर पुतण्याचे म्हणणे बरोबर होते.

खजुराचा वाईट आठवडा मात्र मृगाचा आहे. फळ पिकत असता पाऊस झाला तर तें फुटते, आंबते, गळते. अरब मुलखात त्या दिवसांत पाऊस नसतो, म्हणून तेथे फळ झाडावरच पूर्ण पिकविता येते. कच्छात मुंद्रा भागातील शेतकऱ्यांनी यावर तोड काढिली आहे. ते फळ पूर्ण पिकू न देता पिवळे-लाल व करकरीत असतानाच काढून ताजे विकतात. बरही ही जात त्या अवस्थेतही तुरट लागत नाही, म्हणून तिचा बोलबाला आहे. म्हणजे आपल्याकडे खजूर लाविला तरी दुकानात मिळतो तसा वाळलेला खजूर होणार नाही. जें होईल तें थोड्या दिवसांत विकून टाकावयाचे ताजे फळ, आणि त्याचा हंगाम व पाऊस यांची शर्यत दरवर्षी लागणार.

आणखी तीन बाबी. पहिली, खजुरात नर व मादी झाडे वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत निम्मे नर निघतात व तें फुलोरा आल्यावरच कळते. म्हणून पिल्लांपासून किंवा प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने केलेलीच रोपे घ्यावीत व दहा-वीस मादी झाडांस एक नर ठेवावा. दुसरी, नराचा पराग मादीच्या फुलोऱ्यावर हाताने झटकावा लागतो. तें वाऱ्यावर सोडून भागत नाही. झाड उंच झाल्यावर यासाठी चढणारा माणूस हवा. तिसरी, खर्च. २६ फुटांवर एकरी ६४, म्हणजे दोन एकरांत १२८ झाडे. पुतण्यास एका रोपाचा भाव साडेतीन हजार रुपये सांगण्यात आला होता. नुसत्या रोपांचेच ४ लाख ४८ हजार रुपये होतात. खड्डे, ठिबक व कुंपण निराळे. फळ चार-पाच वर्षांनी. कर्जाचा हप्ता मात्र मृगाची वाट पाहत नाही.

शिंदी व ताड

शिंदी ही खजुराचीच देशी बहीण. आपल्या ओढ्या-नाल्यांच्या काठी ती आपोआप उगवते. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचले तरी चालते, उन्हाळ्यात ओढा कोरडा पडला तरी चालते, थंडीचे तर तिला काहीच नाही. हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ती वाढते. तिचे फळ, म्हणजे शिंदोळ्या, पातळ गराचे. बाजारात त्यास फारसा भाव नाही. पण तिच्या पानांच्या केरसुण्या व चटया होतात, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण जिला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो ती केरसुणी आपल्या भागात शिंदीचीच असते. सुगरण पक्षी आपली घरटी पाण्यावर झुकलेल्या शिंदीसच टांगतो. बंगालात याच झाडाच्या हिवाळ्यातील रसाचा गूळ करितात व त्यास मोठी मागणी असते.

मग आपल्याकडे शिंदीची उपेक्षा का झाली? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व शिंदीच्या रसावरील कर हें त्या सरकारचे मोठे उत्पन्न. सन १३१६ फसलीच्या अबकारी कायद्यानुसार रस काढण्याचा कारभार सरकारी हुकमतीखाली चाले. आमचे आजोबा म्हणत की, रानात शिंदी उगवली म्हणजे मागोमाग शिपाई उगवतो. झाड आपले व कटकटही आपली, फायदा तेवढा दुसऱ्याचा, अशा समजुतीने लोकांनी ती वाढू दिली नाही. ती भीती मागील पिढ्यांतून आपल्यापर्यंत आली आहे. आज झाड राखण्यास कोणाची आडकाठी नाही. मात्र रस काढावयाचा झाल्यास, मग ती नीरा का असेना, सन १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, हें जाणून असावे.

ताड हा शिंदीहूनही धिमा. त्याचे बी जागच्या जागीच लावावे लागते. कारण प्रथम त्याचा कोंब खोल जमिनीत उतरतो व नंतर पान वर येते. रोप उपटून दुसरीकडे लाविले तर बहुधा जगत नाही. नर-मादी येथेही वेगळी व ती ओळखावयास बारा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. मादी झाडाचे ताडगोळे आपण मुंबईकडे उन्हाळ्यात विकत घेऊन खातो. एकदा मुळे खोल गेली की दुष्काळात हे झाड मान खाली घालीत नाही. पण हा नातवासाठी लावावयाचा वृक्ष होय. बांधाच्या कोपऱ्यास चार बिया पुरून ठेवण्यास पैसा लागत नाही, म्हणून तेवढे प्रत्येकाने करावे.

लावणी व राखण

कोणतेही झाड निवडा, खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल असावा. काळ्या जमिनीत तळाशी मुरूम घालावा, म्हणजे पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबत नाही. रोप लाविताना शेंड्याचा गाभा मातीखाली जाऊ देऊ नये. पहिल्या पावसातच तो कुजतो. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेच्या बाजूस तुराट्यांचा आडोसा करावा व आळ्यात पालापाचोळा पसरावा.

शत्रू दोन. गेंड्या भुंगा शेंडा पोखरतो. उलगडलेल्या पानावर कात्रीने कापल्यासारखा त्रिकोणी आकार दिसला तर तो आला असे समजावे. त्याच्या अळ्या उकिरड्यात व शेणखताच्या ढिगात वाढतात, म्हणून या झाडांजवळ उकिरडा ठेवू नये. आम्ही ठेविला होता व तीन माड त्यापायीही दुबळे झाले. दुसरा सोंड्या भुंगा. तो खोडावरील जखमेतून आत शिरतो. माड, खजूर, शिंदी कोणासही सोडीत नाही. म्हणून हिरवी पाने उगाच कापू नयेत व खोडास खिळे ठोकू नयेत. पावसाळ्यात कोंब कुजण्याची लक्षणे दिसताच कुजका भाग काढून मोरचूद व चुन्याचे एक टक्का बोर्डो मिश्रण शेंड्यात घालावे. अधिक माहितीसाठी खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र व बदनापूरचे संशोधन केंद्र आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. रोपे घेण्यापूर्वी तेथे जावे, नंतर नव्हे.

खरेदीपूर्वीचे पत्रक

जन्मभर रकाने भरण्यात गेल्यामुळे आम्हांस प्रत्येक गोष्टीचे पत्रक करण्याची खोड आहे. पुतण्याकडून एक कोरा कागद घेऊन त्यावर पाच रकाने आखिले. पहिला, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात विहिरीत पाणी किती. दुसरा, त्या पाण्यावर आज कोणाचा हक्क आहे, म्हणजे माणसे, जनावरे, उभे पीक. तिसरा, जमिनीचा निचरा. खड्डा खणून पाण्याने भरावा व सकाळी पाहावा. चौथा, पश्चिमेचा वारा अडतो की नाही. पाचवा, फळ तयार होईल त्या आठवड्यात पाऊस असतो काय आणि विकत घेणारा कोण. या पाचांची उत्तरे लिहून झाल्यावरच झाडाचे नाव लिहावयाचे.

पुतण्याने मे महिना येईपर्यंत दम धरिला, हें त्याचे मोठेपण. त्याने दोर सोडून पाणी मोजिले. दुसऱ्या रकान्यातील हक्क वजा जाता जें उरले तें दहा-बारा झाडांपुरते होते. त्याने कर्जाचा कागद परत केला. या पावसाळ्यात विहिरीच्या अंगास बरहीची दहा मादी व एक नर अशी अकरा झाडे घरच्या पैशाने लाविली आहेत. उरलेल्या रानात पूर्ववत कापूस व सोयाबीन. ओढ्याच्या काठावरील शिंदीची लहान रोपे, जी दरवर्षी खुरपून टाकिली जात, ती यंदा ठेविली आहेत.

अकरा झाडे जगली व मृगापूर्वी फळ हाती आले, तर बाविसाव्या झाडाचा विचार पाच वर्षांनी करता येईल. न जगली, तर नुकसान अकरा रोपांचे होईल, दोन एकरांचे व सातबाऱ्यावरील बोज्याचे नव्हे. ज्या बंधूंस यंदा रोपे घ्यावयाची आहेत त्यांनी प्रथम हा कागद आखावा आणि पहिला रकाना अंदाजाने भरू नये. विहिरीवर जाऊन, दोर सोडूनच भरावा.